केर्बलमध्ये रोज चंद्रावर उतरता येतं, मग खरी यानं का आपटतात?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत, आणि जाता जाता लॅपटॉपबद्दलही. केर्बल स्पेस प्रोग्राम या रॉकेट बांधून उडवायच्या गेममध्ये मुनवर, म्हणजे त्यातल्या चंद्रावर, तुम्ही डोळे मिटून उतरता, मग एवढ्या मोठ्या संस्थांची यानं चंद्रावर का आपटतात? अपोलो तीन-चार दिवसांत पोचलं, मग चांद्रयान-३ ला चाळीस दिवस का लागले? आणि या गेममधून जे कळतंय ते खरं आहे, की इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष टाइमपासमध्ये चाललंय?

मी गेम आणि सिम्युलेटरचं फिजिक्स लिहितो. हा गेम तो पुरा तयार व्हायच्या आधीपासून, म्हणजे मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड कंपनीने २०११ मध्ये पहिली आवृत्ती बाहेर काढली त्या काळापासून खेळतोय. त्यामुळे पडद्याच्या दोन्ही बाजूंनी थोडं सांगू शकतो. आधी उत्तर सांगतो. कक्षा, इंधनाचा हिशोब, बर्न कधी मारायचा, म्हणजे इंजिन कधी पेटवायचं, हे सगळं गेम अगदी खरं शिकवतो. पण ‘मी आत्ता नेमका कुठे आहे’ हा प्रश्न तो तुम्हाला कधी पडूच देत नाही. अलीकडे चंद्रावर आणि मंगळावर आपटलेल्या यानांपैकी बरीचशी नेमकी याच प्रश्नावर अडली.

चाळीस दिवसांचं आधी घेऊ, कारण त्यावर त्या वेळी व्हॉट्सॲपवर वाट्टेल ते फिरत होतं. ‘इस्रोने पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाची गोफण वापरली’ हे तर चांगल्या शिकल्यासवरलेल्या लोकांकडूनही ऐकलं. ज्या ग्रहाभोवती तुम्ही फिरताय त्याचीच गोफण करून वेग मिळत नाही. केर्बिनभोवती, म्हणजे गेममधल्या पृथ्वीभोवती, कितीही चकरा मारा, इंजिन बंद असेल तर कक्षा तीच राहते. तुम्ही खेळणारे आहात, तुम्हाला हे सांगायला नको.

खरं कारण इंजिनाच्या जोरात आहे. एलव्हीएम-३ ने १४ जुलै २०२३ ला यान साधारण १७० बाय ३६,५०० किलोमीटरच्या लंबगोल कक्षेत सोडलं आणि रॉकेटचं काम संपलं. पुढचं सगळं यानाच्या स्वतःच्या ४४० न्यूटनच्या इंजिनावर होतं. ४५ किलोचं पोतं जमिनीवर जेवढा दाब देतं तेवढा हा जोर, आणि ढकलायचं होतं ३,९०० किलोचं यान. भागाकार केलात तर प्रत्येक सेकंदाला वेगात भर पडते ०.११ मीटर प्रति सेकंद. त्या कक्षेतून चंद्राकडे निघायचं तर खालच्या टोकाशी वेग साधारण साडेसहाशे मीटर प्रति सेकंदाने वाढवावा लागतो. एका दमात करायचं म्हटलं तर इंजिन दीड तासाहून जास्त वेळ चालू ठेवायला हवं. पेरिॲप्सिसला, म्हणजे कक्षेच्या खालच्या टोकाला, यान सेकंदाला दहा किलोमीटरच्या वर वेगाने पळत असतं. दीड तासात ते तिथून कुठच्या कुठे गेलेलं असतं.

आणि पेरिॲप्सिसपासून लांब मारलेला बर्न म्हणजे इंधनाची नासाडी. त्याच कक्षेत खालच्या टोकाला वेग सुमारे १०.३ किलोमीटर प्रति सेकंद आहे आणि वरच्या टोकाला जेमतेम १.६. छोट्या बर्नने कक्षेच्या ऊर्जेत पडणारी भर त्या क्षणीच्या वेगाच्या प्रमाणात असते. म्हणजे तेच इंधन खाली जाळलं तर वर जाळण्यापेक्षा सहापटीहून जास्त ऊर्जा पदरात पडते. याला ओबर्थ परिणाम म्हणतात. तुम्ही ‘नर्व्ह’ किंवा ‘डॉन’ हे कमी जोराचं इंजिन लावून जड यान डूनाकडे, म्हणजे गेममधल्या मंगळाकडे, पाठवलं असेल, तर मॅन्यूव्हर नोडवर (बर्न आधी आखून ठेवायच्या खुणेवर) बर्नची लांबलचक वेळ बघून तुम्ही काय केलंत? बर्नचे तुकडे पाडले असतील. प्रत्येक फेरीत पेरिॲप्सिसजवळ थोडा बर्न, मग टाइम वार्पने वेळ पुढे पळवायची, मग पुन्हा थोडा बर्न. इस्रोने हेच केलं. पाच बर्नमध्ये कक्षेचं वरचं टोक सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे नेलं, आणि १ ऑगस्ट लागल्याबरोबर चंद्राकडे ढकलणारा शेवटचा बर्न मारला. ५ ऑगस्टला यान चंद्राच्या कक्षेत होतं. म्हणजे प्रत्यक्ष प्रवास चार-पाच दिवसांचाच. बाकीचे दिवस हप्ते भरण्यात गेले, आणि मग चंद्राची कक्षा खाली आणत २३ तारखेची उतरण्याची वेळ गाठण्यात.

अपोलोकडे सॅटर्न-५ होतं. त्याच्या तिसऱ्या टप्प्याचं एकटं जे-२ इंजिन दहा लाख न्यूटनच्या आसपास जोर लावायचं. चाळीस टनांहून जास्त वजन चंद्राकडे ढकलणारा बर्न सहा मिनिटांच्या आत आटपला. १६ जुलै १९६९ ला निघालेलं अपोलो-११ १९ तारखेला चंद्राभोवती फिरत होतं. हप्त्यांचा एक फायदा मात्र आहे. मंगळयानाच्या वेळी ११ नोव्हेंबर २०१३ च्या बर्नमध्ये वेग हवा तेवढा वाढला नाही. दुसऱ्या दिवशी एक जादा बर्न मारून राहिलेली भर घातली, आणि मोहीम वेळापत्रकात राहिली. एकाच मोठ्या बर्नवर सगळं टाकलं असतं तर ती सवलत नव्हती.

कक्षेतल्या पाठलागाचंही तसंच. डॉकिंग, म्हणजे कक्षेत दोन यानं जोडणं, शिकताना प्रत्येक नवा खेळाडू पुढच्या यानाकडे नाक करून इंजिन पेटवतो आणि यान आणखी लांब जातं. मग कुणीतरी सांगतं की गाठायचं असेल तर वेग कमी कर, खाली ये, आतल्या छोट्या कक्षेतून पुढे सरक. ३ जून १९६५ ला जेमिनी-४ मध्ये जेम्स मॅकडिव्हिट यांनी स्वतःच्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जाताना नेमकी नव्या खेळाडूची हीच चूक केली. टप्पा दिसत होता, त्यांनी त्याच्या दिशेने बर्न मारले, अंतर वाढत गेलं, बरंच इंधन गेलं आणि शेवटी नाद सोडावा लागला. ते कसलेले टेस्ट पायलट होते. विमानात जे अंगवळणी पडलं होतं तेच कक्षेत आडवं आलं. तेव्हा बझ ऑल्ड्रिन यांची कक्षेतल्या गाठीभेटींवरची एमआयटीतली डॉक्टरेट १९६३ मध्ये पुरी झाली होती, त्यामुळे गणित कुणालाच माहीत नव्हतं असं नाही. हाताला माहीत नव्हतं. ते हाताला शिकवायचं काम हा गेम फार छान करतो. १६ जानेवारी २०२५ ला इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेची दोन यानं जोडली गेली, तेव्हा त्याआधीचे अनेक दिवस ‘अंतर वाढवलं, पुन्हा कमी केलं, थांबलो’ असल्या बातम्या येत होत्या. माझ्या ओळखीतल्या केर्बल खेळणाऱ्यांना त्यात घोळ दिसला नाही. बाकीचे मात्र ‘जमत नाहीये वाटतं’ म्हणत होते.

एका बाबतीत गेम सरळ सूट देतो. केर्बिनची त्रिज्या ६०० किलोमीटर आहे, पृथ्वीची ६,३७१. पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण मात्र दोन्हीकडे सारखंच. त्यामुळे केर्बिनच्या खालच्या कक्षेत जायला साधारण ३.४ किलोमीटर प्रति सेकंद डेल्टा-व्ही (इंजिनांनी वेगात घालायची एकूण भर) लागतो, पृथ्वीवरून साडेनऊच्या आसपास. ऐकायला तिप्पट वाटतं, पण रॉकेटचं समीकरण घातांकी आहे. सेकंदाला ३.१ किलोमीटर वेगाने झोत सोडणारं इंजिन धरलं तर केर्बिनवर उड्डाणाच्या वजनाचा तिसरा हिस्सा वर पोचतो, पृथ्वीवर विसावा, आणि त्या विसाव्या हिश्श्यात टाक्या आणि इंजिनंही आली. ही सूट नसती तर निम्म्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात गेम काढून टाकला असता. मला तरी ती योग्य वाटते.

आता मूळ मुद्दा. मुनवर उतरताना तुमच्या पडद्यावर काय दिसतं ते आठवा. वर उंचीचा आकडा. खाली नॅव्हबॉल, म्हणजे दिशा दाखवणारा गोळा, त्यावर पृष्ठभागाच्या संदर्भातला वेग, दशांशासह. रेट्रोग्रेडची, म्हणजे वेगाच्या उलट दिशेची, खूण, यानाची दिशा नेमकी. नकाशा उघडला की कक्षेची निळी रेघ, जरासुद्धा न थरथरणारी. हे आकडे कुणी मोजले? कुणीच नाही. माझ्यासारखा कुणीतरी एक ओळ लिहितो: यानाची जागा वजा जमिनीची जागा. एक वजाबाकी, आली उंची. गेमला यान कुठे आहे ते माहीत असतंच, कारण त्यानेच ते तिथे ठेवलेलं असतं.

खऱ्या यानाला असं कुणी सांगत नाही. चंद्राभोवती जीपीएस नाही. पृथ्वीवरून विचारावं तर रेडिओ संदेशाला एका बाजूने सव्वा सेकंदाच्या वर लागतो, मंगळाला काही मिनिटं. उतरताना यान एकटंच असतं. त्याच्याकडे एक आयएमयू असतो. तो त्वरण आणि वळण्याचा दर मोजतो. त्वरणाची एकदा बेरीज केली की वेग मिळतो, वेगाची बेरीज केली की जागा. समजा त्वरण मोजण्यात ०.००१ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढीच कायमची चूक आहे, गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजारावा भाग. हजार सेकंदांनी, म्हणजे सतरा मिनिटांनी, जागेत ५०० मीटरची चूक साचलेली असते. चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरचा शेवटचा उतार साधारण १९ मिनिटांचा होता. म्हणून यान मधूनमधून दुसऱ्या कुणाला तरी विचारतं: रडारला किंवा लेझरला उंची, डॉप्लरला वेग, कॅमेऱ्याला खालचे खड्डे. आणि या सगळ्यांच्या साक्षी जुळल्या नाहीत तर कुणावर किती विश्वास ठेवायचा, हे ठरवणारं एक सॉफ्टवेअर असतं. सगळा खेळ तिथे आहे.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण युरोपच्या स्कियापारेली यानाचं, आणि त्यात आपला जुन्नर तालुकाही येतो. १९ ऑक्टोबर २०१६ ला हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा ट्रान्समीटर अगदी अशक्त, मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांशी बोलण्यापुरता. तरी ती क्षीण शिट्टी पृथ्वीवरून थेट ऐकायचा प्रयत्न करायचं ठरलं, आणि ते काम नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने केलं. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश मंगळाकडे वळल्या होत्या. वातावरणात शिरल्यानंतर, पॅराशूट उघडल्यानंतरही सिग्नल येत होता. जमिनीला टेकण्याच्या अपेक्षित वेळेच्या थोडं आधी तो तुटला.

झालं होतं ते असं. पॅराशूट सुमारे १२ किलोमीटरवर उघडलं आणि यान जोरात हेलकावलं. वळण्याचा दर आयएमयूच्या मोजण्याच्या मर्यादेबाहेर गेला आणि त्याने सुमारे एक सेकंदभर ‘कमाल’ हाच आकडा पुढे पाठवला. नेव्हिगेशनच्या सॉफ्टवेअरने तो खरा धरून बेरीज केली, आणि यान आहे त्यापेक्षा भलतीकडे कललेलं आहे असा त्याचा समज झाला. पुढे रडार चालू झालं. रडारने अंतर बरोबर मोजलं. पण अंतर तिरकं असतं. त्यावरून उंची काढायची तर यान किती कललंय ते माहीत हवं, आणि तेच चुकलेलं. गणितातून उंची निघाली ऋण. म्हणजे यानाच्या मते ते जमिनीच्या खाली होतं. मग त्याने जमिनीवर पोचलेल्या यानाने करायचं ते सगळं शहाण्यासारखं केलं: पॅराशूट सोडून दिलं, इंजिनं जेमतेम काही सेकंद चालवून बंद केली, जमिनीवरची उपकरणं चालू करायला घेतली. प्रत्यक्षात ते ३.७ किलोमीटर उंचावर होतं. तिथून मोकळं पडत ते ताशी सुमारे ५४० किलोमीटर वेगाने आपटलं.

हे वाचून तुमच्या मनात आलं असेल, ‘उंची ऋण आली तर ती चूक आहे एवढं तरी तपासायचं!’ माझ्याही मनात आलं होतं. आणि मग जपानी हाकुतो-आर यानाची गोष्ट घडली, जिथे नेमकं असं तपासलं होतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये हे यान चंद्रावर उतरताना एका विवराच्या उंच कड्यावरून गेलं. खालची जमीन एकदम सुमारे तीन किलोमीटरने खोल गेली, रडारने मोजलेली उंची एकदम वाढली. सॉफ्टवेअरने म्हटलं, उंची अशी उडी मारत नाही, रडार बिघडलं. आणि त्याचं ऐकणं बंद केलं. यान स्वतःच्या अंदाजावर हळूहळू उतरत राहिलं. त्याच्या हिशोबाने उंची शून्य झाली तेव्हा खरी उंची पाच किलोमीटरच्या आसपास होती. इंधन संपेपर्यंत ते तिथेच जमीन शोधत राहिलं. एका यानाने चुकीच्या साक्षीदारावर विश्वास ठेवला, दुसऱ्याने खऱ्या साक्षीदाराला हाकलून दिलं. दोन्हींच्या मधली रेघ कुठे ओढायची, हे पुस्तकात वाचून कळत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकी ओडिसियसचं तर अंतर मोजणाऱ्या लेझरचं सेफ्टी कुलूपच उड्डाणापूर्वी काढायचं राहिलं होतं. ते आयएमयू आणि कॅमेऱ्यावर उतरलं, पाहिजे त्यापेक्षा जोरात टेकलं आणि कलंडलं. उलट त्याच वर्षीच्या जानेवारीत जपानच्या स्लिमने खालच्या खड्ड्यांचे फोटो साठवलेल्या नकाशाशी ताडून स्वतःची जागा शोधली आणि लक्ष्यापासून ५५ मीटरवर उतरून दाखवलं. शेवटच्या टप्प्यात एका इंजिनाचा नोझल गळून पडला, त्यामुळे ते नाकावर टेकलं. पण जागा शोधण्याच्या परीक्षेत ते पहिलं आलं.

चांद्रयान-२ यात अगदी चपखल बसत नाही, तेव्हा ते ओढूनताणून बसवत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथे इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, त्यामुळे साचलेला फरक भरून काढायला यानाला भराभर वळावं लागलं, आणि वळण्याच्या वेगावर सॉफ्टवेअरची मर्यादा होती. शिवाय उतरायची जागा फक्त ५०० बाय ५०० मीटरची. ती गाठायची यानाची धडपड आणि वेग कमी करायची गरज एकमेकांच्या विरुद्ध गेल्या. इस्रोने हे नंतर उघडपणे सांगितलं, हे मला फार आवडलं. तुमच्या गेममध्ये इंजिनावर ६० किलोन्यूटन लिहिलं असेल तर ते ६०च देतं. ६१ कधीच देत नाही. हा दुसरा मोठा फरक. चांद्रयान-३ मध्ये उतरायचं क्षेत्र ४ बाय २.४ किलोमीटरचं केलं, इंधन वाढवलं, पाय मजबूत केले, आणि मुख्य म्हणजे तीन दिशांचा वेग थेट मोजणारं लेझर डॉप्लर उपकरण बसवलं. म्हणजे एक साक्षीदार वाढवला.

रशियाचं लुना-२५ चांद्रयान-३ उतरायच्या चार दिवस आधी आपटलं, १९ ऑगस्ट २०२३ ला. ते उतरतानाही नव्हतं, कक्षा खाली आणताना ८४ सेकंदांचा बर्न १२७ सेकंद चालला. इंजिन वेगात हवा तेवढा फरक पडल्यावर बंद व्हायचं होतं, पण त्वरण मोजणारं उपकरण चालूच झालेलं नव्हतं. गेममध्ये बर्नच्या मीटरवर बारीक नजर ठेवून तुम्ही एक्स दाबून इंजिन बंद करता. तिथे तो मीटरच कोरा होता.

आता गंमत अशी की गेमला स्वतःलाही ‘मी कुठे आहे’ हा प्रश्न एकदा चांगलाच भोवलाय. जुने खेळाडू ज्याला क्राकेन म्हणतात तो हाच: लांबच्या प्रवासात यान आपोआप थरथरायला लागायचं आणि काही कारण नसताना तुकडे तुकडे व्हायचं. हा गेम ज्यावर बांधलाय ते युनिटी नावाचं सॉफ्टवेअर जागा ३२ बिटांच्या आकड्यात ठेवतं. त्यात अचूकता सुमारे सात अंकांची. सूर्याला शून्य धरलं तर केर्बिन १,३६० कोटी मीटरवर येतो, आणि तिथे या आकड्याची सगळ्यात छोटी पायरी होते १,०२४ मीटर. म्हणजे यानाचा एक भाग इथे तर दुसरा एकतर तिथेच नाहीतर किलोमीटरभर लांब. मधलं काही मांडताच येत नाही. यावर इलाज केला तो असा, की शून्य यानापाशीच ठेवायचं आणि यानाऐवजी सगळं विश्व सरकवायचं. अशा जगात तुम्ही जागेवर बसलेले असता, ग्रह तुमच्याभोवती फिरत असतात. मोठ्या जगाचा गेम लिहिणाऱ्या कुणालाही हे करावं लागतं. मात्र ६४ बिट घेतले तर तीच पायरी दोन मायक्रोमीटरवर येते, म्हणून कक्षांचं गणित त्यात करतात.

आकड्याला जागा अपुरी पडली की काय होतं याची खरीखुरी किंमतही मोजली गेली आहे. ४ जून १९९६ ला एरियन-५ चं पहिलंच उड्डाण चाळीस सेकंदांच्या आत संपलं. ६४ बिटांचा एक आकडा १६ बिटांच्या खणात कोंबताना मावला नाही. तो आकडा आडव्या वेगाशी संबंधित होता आणि तो कोड आधीच्या एरियन-४ चा होता, ज्याचा आडवा वेग एवढ्या लवकर एवढा वाढत नसे. आणि हे घडलं कुठल्या संगणकात? रॉकेटची दिशा आणि जागा सांगणाऱ्या.

एक गोष्ट मात्र गेममध्ये मुळातच खेळता येत नाही, आणि ती आदित्य-एल१. केर्बलमध्ये एका वेळी तुमच्या यानाला एकच खगोल ओढतो. मुनच्या हद्दीत शिरलात की केर्बिनचं ओढणं बंद. त्यामुळे लग्रांज बिंदू, म्हणजे दोन खगोलांच्या ओढीचा मेळ बसतो त्या जागा, तिथे अस्तित्वातच नाहीत. आदित्य ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर ज्या कक्षेत पोचलं, तिच्या मध्यभागी काहीच नाही. तसंच गेममध्ये मुनभोवतीची कक्षा दहा वर्षं टाइम वार्प केला तरी तशीच राहते. खऱ्या चंद्राच्या पोटात वस्तुमान सारखं पसरलेलं नाही. अपोलो-१६ ने १९७२ मध्ये सोडलेला छोटा उपग्रह या ओढाताणीने ३५ दिवसांत चंद्रावर पडला. यासाठी ‘प्रिन्सिपिया’ नावाचा मॉड, म्हणजे खेळाडूंनी गेमला लिहिलेली जोड, आहे, तो सगळ्या खगोलांचं ओढणं एकत्र मोजतो. संगणकाचा पंखा विमानासारखा घोंघावतो, पण बघण्यासारखा आहे.

टाइमपास की अभ्यास, याचं उत्तर तुम्ही कसं खेळता यावर आहे. आत्तापर्यंत शिकलात ते नियंत्रण आणि कक्षा. आता स्वतःकडून आकडे काढून घ्या. पहिली पायरी फुकट आहे: बाहेरचा कॅमेरा सोडून कॉकपिटच्या आतून मुनवर उतरा. नकाशा उघडायचा नाही, क्विकसेव्ह नाही. खिडकीतून जमीन दिसते आणि समोरचे काटे, बस्स. डोळे मिटून उतरणारे माझ्या ओळखीतले किती तरी जण इथे पहिल्या खेपेला खड्ड्यात गेलेत.

दुसरी पायरी ‘केओएस’ मॉड. यात यान चालवणारा प्रोग्राम तुम्ही लिहिता. आधी सरळ उतरणारा ऑटोपायलट लिहा. गेमने दिलेली खरी उंची वापरा, तो उतरेल. मग ती उंची वापरणं बंद करा. त्वरण वाचा, त्यात मुद्दाम छोटी कायमची चूक मिसळा, त्याची बेरीज करून वेग आणि जागा स्वतः काढा. वर सांगितलेले ५०० मीटर तुम्हाला पडद्यावर दिसतील. मग दर काही सेकंदांनी एकदा ‘रडार’ म्हणून खरी उंची द्या, तीही थोडी डळमळीत करून, आणि दोन्हींचा मेळ घाला. हा मेळ घालण्याची रीत म्हणजे काल्मन फिल्टर. रुडॉल्फ काल्मन यांनी ती १९६० मध्ये मांडली आणि लगेच अपोलोसाठी ती कामाला लागली. तुमच्या तिसऱ्या वर्षाच्या कंट्रोल सिस्टिम्सच्या विषयाला याचा पुढे थेट उपयोग आहे. शेवटी स्कियापारेली करून बघा: एक सेकंदभर वळण्याच्या दराला कमाल आकड्यावर अडकवा आणि तुमचा प्रोग्राम काय ठरवतो ते पाहा. मुलाखतीत ‘चारशे तास गेम खेळलो’ यापेक्षा हा प्रोग्राम दाखवणं केव्हाही बरं.

लॅपटॉपबद्दल शेवटी विचारलं होतंत. यात महागड्या ग्राफिक्स कार्डपेक्षा प्रोसेसरच्या एका कोअरचा वेग महत्त्वाचा, कारण एका यानाच्या सगळ्या भागांचं फिजिक्स बहुतांश एकाच धाग्यावर (थ्रेडवर) चालतं. तीनशे भागांचं स्टेशन कुठल्याही मशीनवर रडतं. रॅम मात्र वाढवा. ‘रिअल सोलर सिस्टम’सारखे पृथ्वीच्या मापाचे मॉड टाकायचे तर १६ जीबी तरी हवी. ते टाकायच्या आधी गेमचं संपूर्ण फोल्डर दुसरीकडे कॉपी करून त्या कॉपीत मॉड टाका, नाहीतर ग्रहांची मापं बदलली की जुन्या सेव्हमधली यानं कामातून जातात. आणि केर्बलच्या दुसऱ्या भागाच्या नादी लागू नका. तो २०२३ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अपुरा असतानाच विक्रीला, आला, पुढच्याच वर्षी त्याचा स्टुडिओ बंद झाला, आणि गेम अर्धाच राहिलाय.